निळ्या झाकणाची बरणी

"कान सोडू नका," मी म्हणाले.

"तुमी तुमचं बघा, बाई. कान माज्या हातात हाय, लाथ तुमच्याकडं," झुंबरबाई म्हणाली आणि तिनं गाढवाचा कान आणखी पिळून धरला.

मी मिठाच्या पाण्यात भिजवलेला बोळा जखमेवर टेकवला. गाढवाची कातडी मानेपासून शेपटीपर्यंत थरथरली. पाठीच्या उंचवट्यावर, विटांची गोणी घासते तिथं, तळहाताएवढी जखम होती. कडेला पू, मध्ये लाल मांस आणि वर माश्या. मी ती पुसून घेतली, मोजपट्टी लावून लांबी-रुंदी वहीत लिहिली, निळ्या झाकणाची बरणी उघडली आणि लाकडी पट्टीनं तपकिरी मलम पसरला. अजून एकोणीस गाढवं व्हायची होती. सकाळचे साडेआठच वाजले होते आणि भट्टीच्या धुरानं माझे डोळे चुरचुरायला लागले होते.

ही सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी पशुवैद्यकीय कॉलेजात पुढचं शिक्षण घेत होते. प्रबंधाचा विषय केळुसकर सरांनी दिला होता: हिरड्याच्या फळाचा अर्क घातलेला मलम जनावरांच्या चिघळलेल्या जखमांवर कितपत चालतो. सरांची बारा वर्षं या हिरड्यात गेली होती. डोंगरातून बाळहिरड्याची पोती यायची, ती वाळवायची, कुटायची, अल्कोहोलमध्ये भिजत घालायची, गाळून आटवायची. शेवटी काळपट, चिकट, जीभ आवळून टाकणारा अर्क हाती लागायचा. गाढवांच्या जखमांतून आणलेले जंतू आम्ही काचेच्या थाळीत वाढवायचो आणि मधोमध त्या अर्काचा थेंब टाकायचो. दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती एक स्वच्छ गोल कडं दिसायचं. त्या कड्याच्या आत एकही जंतू उरलेला नसायचा. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा थाळी खिडकीशी नेऊन बराच वेळ उजेडात धरून उभी राहिले होते.

पण थाळी वेगळी आणि जनावराची पाठ वेगळी, असं सर नेहमी म्हणायचे. म्हणून नीरा नदीच्या काठावरच्या वीटभट्टीवरची वीस गाढवं निवडली. दहांना लाल झाकणाच्या बरणीतला मलम, दहांना निळ्या. एका बरणीत हिरडा होता आणि दुसरीत नुसतं मेण आणि जेली, दिसायला सारखं व्हावं म्हणून तपकिरी रंग घातलेलं. कुठल्या बरणीत काय, हे फक्त सरांना माहीत होतं. तसं लिहिलेला कागद त्यांनी पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, त्यावर सही करून कपाटात ठेवला होता. मला कळलं तर मी औषधाच्या जखमा जरा लहान मोजेन, असं त्यांचं म्हणणं. बरोबरच होतं ते.

दिवसाआड पहाटेची एसटी पकडून मी भट्टीवर जायची. सहा आठवड्यांचं काम होतं. गाढवांना विश्रांती मिळाली असती तर निम्म्या जखमा तशाच भरल्या असत्या, पण भट्टी पेटलेली असताना गाढव उभं कोण ठेवणार? मी मलम लावून वळले की त्याच पाठीवर परत गोणी चढायची. तिसऱ्या आठवड्यात मी इतकी थकले होते की एसटीत बसल्या बसल्या झोप लागायची आणि दोनदा मी पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत आले होते.

झुंबरबाईची पाच गाढवं या विसांत होती. ती आणि तिचा नवरा तात्याबा नगरकडून दर वर्षी दिवाळीनंतर यायची आणि पाऊस लागायच्या आत परत जायची. ती पंचेचाळिशीची असेल, पण मागून पाहिलं तर म्हातारी वाटायची. बाकीचे गाढववाले मी आले की तोंड फिरवायचे, कारण माझ्यामुळे एक खेप बुडायची. झुंबरबाई मात्र पाणी गरम करून ठेवायची. तिच्या जनावरांच्या जखमा लवकर भरत होत्या. त्यातल्या त्यात निळ्या खुणेची तीन तर डोळ्यांदेखत सुधारत होती. पाकीट बंद होतं तरी मी मनाशी ठरवून टाकलं होतं की हिरडा निळ्यातच आहे.

तिसऱ्याच आठवड्यात एकदा गाढवं संपल्यावर ती दगडावर बसली आणि तिनं उजवा पाय माझ्यासमोर उचलून धरला.

"ह्यो मलम माणसाला चालतो का, बाई?"

टाचेच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा चट्टा होता. कडा पांढऱ्या पडलेल्या, मध्ये ओलं.

"कशानं झालं हे?"

"भट्टीच्या तोंडाशी राख असती, तिच्यात पाय पडला असंल. तवा कळलंच न्हाई. घरला गेल्यावर रगात दिसलं."

"दवाखान्यात दाखवा. मी जनावरांची डॉक्टर आहे."

"आमी काय निराळं हाय?" ती हसली. "दवाखान्यात गेलं की आख्खा दिस जातो. गाढवाला चालतंय ते मला चालंल."

मी नको म्हणायला हवं होतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी वाद घालायचाही कंटाळा आला होता. परतीची एसटी साडेबाराला होती. आणि दुसरंही एक होतं, जे मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःशी कबूल केलं नाही. मला बघायचं होतं. गाढवाच्या पाठीवर चालतंय ते माणसाच्या कातडीवर कसं चालतं, हे मला बघायचं होतं.

मी टाच धुतली आणि निळ्या बरणीतला मलम लावला. कॅमेऱ्याच्या रोलची एक रिकामी डबी पिशवीत होती, ती भरून तिच्या हातात दिली.

"कुणाला सांगू नका," मी म्हणाले. "हा प्रयोगातला मलम आहे."

"मी कशाला सांगते?"

त्यानंतर दर खेपेला गाढवं संपली की ती दगडावर बसायची आणि मी तिची टाच हातात घ्यायची. डबी संपली की मी भरून द्यायची. चट्ट्याच्या कडा जराशा आत सरकल्यासारख्या वाटत होत्या. मी बोटानं भोवताली दाबून विचारायची, "दुखतंय?"

"न्हाई."

"इथं?"

"आजिबात न्हाई. तुमचा मलम लई गुणी हाय, बाई."

गाढवांच्या बाबतीत आमची खूण हीच होती. बोट लावल्यावर जनावरानं अंग चोरलं नाही की समजायचं, जखम वळणावर आली. मला बरं वाटायचं. एकदा तर मी टाचेचा फोटोही काढला.

पाचव्या आठवड्यातल्या एका मंगळवारी भट्टीवर पोचले तर पाणी गरम केलेलं नव्हतं. तात्याबा एकटाच गाढवं धरून उभा होता.

"झुंबरबाई कुठं आहेत?"

"पडून हाय. काल सांजंपास्नं ताप हाय."

मी झोपडीत वाकून गेले. आत शिरताच वास आला. हा वास मला ओळखीचा होता, पण तो गोठ्यातल्या सडलेल्या जखमांचा होता. पाय पोटरीपर्यंत सुजून चकाकत होता. टाचेवरचा चट्टा वरून जवळजवळ मिटलेला होता आणि त्याच्या बाजूला, तळव्याकडे, काळपट निळं काहीतरी पसरलं होतं.

"झुंबरबाई, किती दिवस झाले हे?"

"दोन-तीन दिस. दुखत न्हाई म्हनून म्या..." तिचे दात वाजत होते.

विटांच्या टेम्पोत पुढच्या सीटवर तिला मध्ये बसवून आम्ही तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पाय बघितला, रक्त तपासायला पाठवलं आणि तासाभरानं कागद घेऊन आले. तरुणच होते, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे असतील. रात्रपाळी करून तसेच उभे असावेत, डोळे तांबारलेले होते.

"यांना साखर आहे हे माहीत होतं का?"

तात्याबानं मान हलवली. त्याला प्रश्नच कळला नव्हता.

"साखर चारशेच्या वर आहे. कितीतरी वर्षांची असणार. पायातली जाणीव मेलीय यांच्या. निखाऱ्यावर पाय पडला तरी कळायचं नाही." ते झुंबरबाईकडे वळले. "महिनाभर जखम घेऊन हिंडताय. काय लावत होता पायाला?"

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. माझ्या खांद्याला पिशवी होती आणि पिशवीत निळ्या झाकणाची बरणी.

"झाडपाला," झुंबरबाई म्हणाली.

"कोणी दिला?"

"कुनी न्हाई. माज्या मनानं लावला."

"तुमच्या मनानं! हा पाय महिन्यापूर्वी आणला असता तर आठ दिवसांत घरी पाठवला असता. आता पू आत हाडापर्यंत गेलाय." मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. "तुम्ही कोण यांच्या?"

"मी... भट्टीवर जनावरं तपासायला येते. पशुवैद्यकीय कॉलेजातून."

"मग तुम्ही तरी सांगायचं ना यांना. तुम्ही शिकलेल्या."

"हो," मी म्हणाले.

एवढंच म्हणाले. त्यांनी केसपेपरवर काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. झुंबरबाईनं डोळे मिटून घेतले होते. दुसऱ्या दिवशी तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात हलवलं आणि गुरुवारी तिचा पाय गुडघ्याखाली कापला.

शुक्रवारी मी केळुसकर सरांच्या खोलीत गेले. ते थाळ्या मोजत बसले होते.

"सर, ते पाकीट आज उघडता येईल का?"

"अजून नऊ दिवस आहेत मोजणीला. का गं?"

मी सांगितलं. काही लपवलं नाही. रोलची डबी, फोटो, दवाखाना, माझं ते "हो". सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते रागावतील असं मला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतंस," ते शेवटी म्हणाले.

"हो सर."

"आणि आता पाकीट कशाला हवंय?"

"निळ्यात काय होतं ते बघायचंय."

"निळ्यात साधं मेण निघालं तर तू तिला दोन आठवडे नुसतं मेण लावलंस. हिरडा निघाला तर हिरडा कमी पडला. यातलं तुला काय निघायला हवंय?"

सरांनी परत चष्मा लावला आणि थाळी जवळ ओढली.

"नऊ दिवसांनी ये. गाढवांची मोजणी चुकवू नकोस. त्यांचा काही दोष नाही."

नऊ दिवस मी भट्टीवर जात राहिले. तात्याबा कान धरायचा, मी मोजायची. मग पाकीट उघडलं. निळ्यात हिरडा होता. निळ्या दहांतल्या सात जखमा भरल्या होत्या, लालमधल्या चार. सरांच्या बारा वर्षांचं चीज झालं होतं आणि माझा प्रबंध उभा राहिला होता.

कागद वाचल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हायसं वाटलं. औषध होतं ते. मी तिला नुसतं मेण फासलं नव्हतं. त्या आनंदात मी प्रयोगशाळेतून बाहेर पडले, सायकलचं कुलूप काढलं आणि किल्ली हातात धरून तिथंच उभी राहिले. बरणी कुठलीही असती तरी तो पाय गेलाच असता. झुंबरबाईला मलम नको होता. तिला कुणीतरी हाताला धरून दवाखान्यात न्यायला हवं होतं. आणि दोन आठवडे, दिवसाआड, तिची टाच माझ्याच हातात होती.

प्रबंध पुढे मंजूर झाला. त्यावर सरांचे दोन शोधनिबंध झाले. ती टाच त्यात कुठे नाही. प्रयोगातली नव्हती ती. मलम बाजारात कधी आला नाही. कंपनीवाले दोनदा येऊन चहा पिऊन गेले. मी नोकरीला लागले, गुरांच्या दवाखान्यांत पंचवीस वर्षं काढली. पण मे महिन्यातला तो एक दिवस यातल्या कशाहून जास्त लक्षात आहे.

भट्टी बंद व्हायला आठवडा होता. झुंबरबाई परत आल्याचं टेम्पोवाल्याकडून कळलं आणि मी गेले. ती झोपडीबाहेर बाजेवर बसली होती. लुगड्याचा काठ रिकाम्या जागेवरून नीट दुमडून घेतलेला. बाजेला लाकडी कुबडी टेकवलेली होती.

"या बाई. गाढवं बगितली का? लालवाली दोन अजून तशीच हायेत."

मी जमिनीवर बसले.

"झुंबरबाई, त्या दिवशी तुम्ही डॉक्टरांना खोटं का सांगितलंत? माझं नाव का नाही घेतलंत?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, जसं एखाद्या खुळ्या पोरीकडे बघावं तसं.

"नाव घेतलं आसतं तर तुमचं येनं बंद झालं आसतं. जनावरं अर्धी बरी झाल्याली. ती तशीच सोडून तुमी गेला आसता, मग त्यांच्या पाठी कोन धुनार?"

मी इतके दिवस काय काय समजून बसले होते. तिनं मला वाचवलं, माया म्हणून वाचवलं, असं. तिला तिच्या गाढवांची काळजी होती.

"चूक माझी होती," मी म्हणाले. "दुखत नव्हतं ते बरं होत होतं म्हणून नव्हे. मला ते कळायला हवं होतं. तुम्हाला पहिल्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवं होतं. मी उद्या त्या डॉक्टरांना जाऊन सांगणार आहे."

"सांगून पाय येनार का?"

"नाही."

"मग त्याला कशाला सांगता? त्याला रोज धा पाय कापायचे आसत्यात." तिनं हनुवटीनं पलीकडच्या झोपड्या दाखवल्या. मग म्हणाली, "सांगायचं तर हितं सांगा. त्यो मलम सा घरांत हाय."

मला कळेना. "कुठला मलम?"

"तुमचाच. तुमी डबी भरून द्यायचा, मी वाटून द्यायची. माजी टाच मिटत चालल्याली समद्यांनी बगितली. गाढवंबी बगितली. साळूच्या लेकीचा हात भाजलाय, तिला लावत्यात. रखमाच्या मालकाच्या नडगीला हाय. तायडीच्या सासूला हाय." तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "माजा पाय गेला तर म्हनत्यात, देवीचं काय फेडायचं राह्यलं आसंल. मलमाला कुनी नाव ठेवत न्हाई. म्या सांगितलं तर माज्यावर इस्वास बसत न्हाई. तुमी डाक्टर हायसा."

मी उठले. तिनं कुबडी काखेत घेतली. अजून सवय झाली नव्हती, पहिल्याच पावलाला तोल गेला. मी दंड धरायला हात पुढे केला तर तिनं तो बाजूला केला.

साळूबाईची झोपडी सगळ्यांत जवळची. ती दारात भाकरी थापत होती. तिची चार-पाच वर्षांची लेक आत बसून ताटलीतलं काहीतरी खात होती, डाव्या हातानं. उजव्याला फडकं गुंडाळलेलं होतं आणि फडक्याला तपकिरी डाग.

"साळूबाई, तो मलम परत द्या," मी म्हणाले. "आणि पोरीला आज दवाखान्यात न्यायचंय. मी येते बरोबर."

साळूबाईनं हात झटकले. "का वो? गाढवं तर बरी झाली ना त्यानं?"

"झाली."

"मग?"

मी झुंबरबाईकडे पाहिलं. ती कुबडीवर भार टाकून उभी होती आणि दुसरीकडेच, कुठंतरी नदीकडे बघत होती. ती मदत करणार नव्हती.

"यांचा पाय देवीमुळे गेला नाही," मी म्हणाले. "माझ्यामुळे गेला. मी जनावरांचा मलम लावत बसले आणि दवाखान्यात नेलं नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही मी गप्प बसले."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. साळूबाईनं ती उलटली नाही. ती माझ्याकडे बघत होती, मग तिनं झुंबरबाईकडे पाहिलं, खरं का, असं विचारावं तसं.

"दे तिला डबी," झुंबरबाई म्हणाली.

साळूबाई आत गेली. मी पोरीच्या हाताचं फडकं सोडायला खाली बसले. अजून पाच घरं राहिली होती.